स्पीकरच्या वायरीच्या भोकातून वारा, पाणी, मुंग्या येतायत? सिलिकॉनची गन उचलण्याआधी हे बघा

दरवर्षी जून लागला की मला हे फोन सुरू होतात. दिवाळीला होम थिएटर बसवलेलं असतं, मागच्या स्पीकरच्या वायरी हॉलमधून लोंबताना दिसायला नकोत आणि भिंत फोडायचीही नाही, मग टीव्हीमागे एक भोक, तिथून वायरी बाल्कनीत, बाल्कनीच्या कडेने फिरवून सोफ्यामागे दुसरं भोक आणि परत आत. ऑक्टोबर ते मे काही कळत नाही. मग पहिला जोराचा पश्चिमेचा वारा सुटतो आणि "अरे तुला स्पीकरमधलं कळतं ना, जरा येऊन बघ ना" असा फोन येतो. माझं ठाण्यातलं स्वतःचं घर धरून आतापर्यंत नात्यातली आणि मित्रांची मिळून बारा-तेरा घरं तरी झाली असतील, आणि दर वेळी मला तेच दिसतं, भोक बुजवलेलं असतं पण भलतीकडे बुजवलेलं असतं.

आधी लक्षणं

खिडक्या-दारं बंद असताना सोफ्यावर बसलं की मानेला नाहीतर घोट्याला गार झुळूक लागते. वादळी दिवशी स्पीकरमागून बारीक शिट्टी ऐकू येते. वायर जिथून आत येते तिथे रंगावर काळपट कडा किंवा खाली धुळीची ओघळ दिसते (हे नीट बघा, कारण धूळ नेमकी जिथून हवा घुसते तिथेच बसते, त्यामुळे हा फुकटचा पुरावा आहे). एसी लावला की वायरीच्या भोकावर बसवलेल्या प्लेटभोवतीची भिंत घामेजते आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके येतात. वायर धरून मुंग्यांची रांग आत येते, कधी पालीची लेंडी सापडते. पावसात वायरीच्या टोकाला थेंब लटकतो, भोकाखालचं प्लॅस्टर फुगतं, पोपडे निघतात. आणि शेवटचं म्हणजे एखादा स्पीकर मधूनच खरखरतो, वायर काढून बघावी तर तांबं हिरवट पडलेलं. ही सगळी लक्षणं एकाच घरात असतील असं नाही, पण पाणी आणि हिरवं तांबं दिसलं तर तुमचं काम फक्त वारा अडवण्यापेक्षा मोठं आहे एवढं धरून चाला.

पहिली तपासणी, खर्च शून्य

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, प्लगही काढा, आणि ऐका. शिट्टी चालूच असेल तर ती वाऱ्याची, बंद झाली तर ती तुमच्या सिस्टिमची आणि मग ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. हसू नका, एका काकांनी महिनाभर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला टाकला होता, दुकानदार म्हणत होता फॉल्ट नाही आणि हे म्हणत होते घरी आणला की शिट्टी मारतो. आणि हो, सबवूफरच्या मागच्या गोल भोकातून वारा येतो तो यायलाच हवा, ते बुजवायला जाऊ नका, माझ्या मावशीने तिथे फडकं कोंबलं होतं.

दुसरी, उदबत्ती

वारा असेल त्या दिवशी पंखे बंद करा, उदबत्ती पेटवा आणि भोकापासून दोनेक इंचावर धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला तर तिथून हवा येते. वारा नसेल तर माझी युक्ती अशी की सगळ्या खिडक्या बंद करायच्या, स्वयंपाकघरातली चिमणी फुल स्पीडवर लावायची आणि मग उदबत्ती फिरवायची. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, ती हवा कुठून तरी आत यावीच लागते, मग मिळेल त्या फटीतून येते आणि एरवी न कळणारी गळती स्पष्ट दिसते. गंमत म्हणजे बऱ्याच घरांत "संध्याकाळीच वारा लागतो" ही तक्रार असते त्याचं कारणही हेच, संध्याकाळी आत फोडणी पडते आणि चिमणी सुरू होते! पण हा प्रयोग करताना गॅस गीझर आणि शेगड्या बंदच हव्यात, बंद घरात चिमणी ओढत असताना गीझरचा विषारी वायू आतच परत येऊ शकतो, यात चालढकल नको. पडद्यापासूनही उदबत्ती लांब ठेवा, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

याच वेळी आजूबाजूचे संशयितही बघून घ्या. एसीच्या पाइपचं भोक, स्लायडिंग खिडकीचा कोपरा, स्विचबोर्ड. स्पीकरच्या प्लेटवर मास्किंग टेप लावून ती पूर्ण झाका आणि परत धूर बघा. झुळूक थांबली तर गुन्हेगार सापडला, नाही थांबली तर पुढची फट टेपने झाका. दहा मिनिटांचं आणि वीस-तीस रुपयांचं काम आहे, पण हे न करता लोक थेट सिलिकॉनची ट्यूब संपवतात आणि मग कळतं की हवा खिडकीतून येत होती.

तिसरी, वायरीला पोट आहे का

हेही फुकट. बाहेरच्या बाजूला जाऊन बघा की वायर भोकात वरून उतरत शिरते की खालून चढत. वरून शिरत असेल तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत सरळ घरात येणार, तुम्ही कितीही बुजवा, कारण थेंब वायरीला चिकटून चालतो आणि शेवटी बारीकशी फट शोधतोच. वायर आधी भोकाच्या पाच-सहा इंच खाली आणायची आणि मग वळवून वर भोकात न्यायची, म्हणजे पाणी त्या खालच्या पोटाशी जाऊन टपकतं. केबलवाला, डिशवाला, फायबरवाला सगळे घाईत वायर ताणून सरळ घुसवतात. वायरीत थोडी ढील असेल तर एक क्लिप काढून पुन्हा मारा, झालं. निम्म्या घरांत पाण्याची तक्रार एवढ्यावर संपलेली मी बघितलीय. ढील नसेल तर आतून वीतभर ओढून घेता येते का बघा.

चौथी, आधी काय कोंबलंय

स्क्रूड्रायव्हरने नाहीतर टूथपिकने टोचून बघा. मला आतापर्यंत भोकात वर्तमानपत्र, थर्माकोल, च्युइंगम, कापूस आणि एका ठिकाणी लहान मुलाचा मोजा सापडलाय. पीओपी असेल तर ते बाहेरच्या बाजूला टिकत नाही, ओलं झालं की मऊ पडतं आणि सुटतं. व्हाइट सिमेंट वाळताना आकसतं आणि वायर जरा हलली की वायरीभोवती केसाएवढी भेग पडते, वारा यायला तेवढी पुरे. थर्माकोल तर स्पीकरच्या वायरीपाशी ठेवूच नका, वायरीचं पीव्हीसी आणि थर्माकोल एकमेकांना चिकटून राहिले की थर्माकोल विरघळल्यासारखा होतो आणि वायरीचं आवरण कडक होऊन तडकायला लागतं. कागद-कापूस म्हणजे मुंग्यांना घर बांधून दिल्यासारखं.

आणि जुनं सिलिकॉन असेल तर ते पूर्ण खरवडून काढा. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड धरत नाही. "तीन वेळा मारलं तरी येतंय" असं जो सांगतो त्याच्याकडे बहुतेक वेळा एकावर एक तीन थर असतात आणि तिन्ही बोटाने सोललं की सालीसारखे निघतात.

पाचवी, आणि खरं दुखणं इथेच आहे

वसईला आतेभावाकडे सात वायरी एका भोकातून आणलेल्या. चार स्पीकरच्या, एक सबवूफरची, एक डिशची, एक इंटरनेटची. भोक 25 एमएमचं, सगळ्या वायरी झिप टायने गच्च बांधलेल्या, आणि त्या जुडीभोवती सिलिकॉनचा असा सुंदर गोल काढलेला की वाटावं केकवर आयसिंग केलंय. तरी मुंग्या, तरी वारा. भाऊ म्हणाला, घर बदलू का आता. मी चिमणी लावून उदबत्ती धरली तर सिलिकॉनच्या कडेला धूर हलेना, पण जुडीच्या बरोब्बर मधोमध नेली की धूर झपकन मागे ढकलला जायचा. शेवग्याच्या शेंगांची जुडी कशी असते, बाहेरून दोरा घट्ट, पण मध्ये काडी घालायला जागा असतेच ना, तसं. गोल वस्तू एकत्र बांधल्या की मध्ये पोकळी राहणारच, ती पोकळी म्हणजे बाहेरून आतपर्यंत सरळ नळी. त्यात ती पारदर्शक चपटी स्पीकर वायर असते तिच्या दोन तारांच्या मध्ये लांबलचक खाच असते, तिच्यात वरून लावलेलं सिलिकॉन उतरत नाही.

म्हणून झिप टाय कापा. भोकापासून तीन-चार इंच लांबीत वायरी बोटांसारख्या सुट्या करा, प्रत्येक वायरीला स्वतंत्र सिलिकॉन नाहीतर एसीवाल्यांची मऊ पुट्टी (खाली सांगितलीय) चोळा, खाचेत बोटाने दाबा, मग एकेक जवळ आणत भोकात बसवा आणि सगळ्यात शेवटी बाहेरून गोल काढा. वसईला एवढंच केलं, अर्धी ट्यूबसुद्धा लागली नाही, दोन पावसाळे झाले.

उलट प्रकारही असतो, भोक मोठं आणि वायर बारीक. 25 एमएमच्या भोकात 6 एमएमच्या दोन वायरी टाकल्या तर भोकाचा आठवा भागही भरत नाही, बाकी सगळी मोकळी खिडकी. तिथे नुसतं सिलिकॉन ओतू नका, ते आत ओघळतं, मधून कित्येक दिवस ओलं राहतं आणि वाळलं की मध्यभागी खळगा पडतो. आधी फोमची गोल दोरी मिळते हार्डवेअरवाल्याकडे, बांधकामाच्या जॉइंटमध्ये घालतात ती, तिचा तुकडा इंचभर आत दाबा आणि त्याच्यावर सिलिकॉनचा अर्धा इंचाचा थर द्या. दोरी नाही मिळाली तर एसीवाले पाइपवर चढवतात त्या काळ्या इन्सुलेशनचा तुकडा चालतो.

काय वापरायचं

सिलिकॉन घेताना न्यूट्रल लिहिलेलं घ्या. साधं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते आम्ल सोडतं, ते सिमेंटवर नीट धरत नाही आणि उघड्या तांब्यालाही खातं. न्यूट्रलला थोडे जास्त पैसे पडतात पण हे काम त्याचंच आहे. पृष्ठभाग कोरडा हवा, म्हणजे पावसाळ्यात भिंत ओली असताना लावलेलं दोन दिवसांत सुटणार. भर पावसात अडलात तर एसीवाल्यांची न वाळणारी मऊ पुट्टी घ्या, कणकेसारखी असते, हाताने दाबून बसवायची, ऑक्टोबरात काढून पक्कं काम करायचं. मला तर ही पुट्टी इतकी आवडते की आतल्या बाजूला मी कायमचीच तीच ठेवतो, उद्या वायर बदलायची झाली तर सोलून काढता येते. रंग मारायचा असेल तर आत अ‍ॅक्रिलिक सीलंट, सिलिकॉनवर रंग बसत नाही.

एपॉक्सी पुट्टी (जिला सगळे एम-सीलच म्हणतात) वायरीवर नको. दगड होते, पुढे एक वायर काढायची तर सातही तोडाव्या लागतात. फुगणारा पीयू फोम मी टाळतो, लोकांना फार आवडतो पण किती फुगेल ते आपल्या हातात नसतं, उन्हात पिवळा पडून भुगा होतो, आणि स्विचबोर्डाच्या डब्यात तर चुकूनही मारू नका. उंदराचा त्रास असेल तर आधी स्टीलची घासणी कोंबायची असं सांगतात, साधी असेल तर गंजून भिंतीवर तांबडे ओघळ येतात, स्टेनलेसची घ्या आणि ती वायरींना घासणार नाही असं बघा.

आतून बुजवलं आणि बाहेर तसंच ठेवलं असं करू नका. वारा थांबतो, तुम्ही खूश, आणि पाणी भिंतीत शिरून आतच बसतं, महिन्याने प्लॅस्टर फुगतं. बाहेरची बाजू आधी, आतली नंतर. एक गंमत सांगतो, भाचा टोरोंटोला असतो, त्याच्याकडे उलटा हिशोब. तिथे भिंत लाकडी चौकटीची, हिवाळ्यात घरातली दमट गरम हवा भोकातून भिंतीत शिरते आणि आतल्या थंडीत तिचं पाणी होतं, म्हणून तिथे आतली बाजू आधी नीट सील करतात. आपल्याकडे दमट हवा बाहेर आणि एसीची गार आत. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून जसंच्या तसं करू नका.

सहावी, पाइपमधून येणारा वारा

प्लेट काढली आणि वायर उघड्या भोकातून न येता भिंतीतल्या कंड्यूट पाइपमधून (वायरी नेण्यासाठी भिंतीत गाडलेला पाइप) येत असेल तर वारा भलत्याच ठिकाणाहून येत असतो. पाइपचं दुसरं टोक फॉल्स सीलिंगमध्ये नाहीतर गच्चीवरच्या डब्यात उघडं असतं, आणि उभा पाइप धुराड्यासारखा हवा ओढतो. प्लेटभोवती कितीही सिलिकॉन मारा, हवा प्लेटच्या सॉकेटमधून येत राहील. इथे पाइपच्या तोंडात वायरींच्या भोवती आणि मध्ये मऊ पुट्टी भरायची, दोन्ही टोकांना, पण आधी एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा, पुढे नवी वायर ओढायला लागते. पुट्टी भरण्याआधी त्या पाइपमधून लाइटची वायर जात नाही ना ते बघा. जात असेल तर मुळात चूक आहे, स्पीकरची आणि 230 व्होल्टची वायर एका पाइपमध्ये नको, गुणगुण येते ते सोडा, एखाद्या दिवशी आवरण कापलं तर स्पीकरच्या वायरीत करंट येईल. तिथे हात लावू नका, खाली लिहिलंय.

सातवी, भोकच वाकडं

आतून ड्रिल मारताना बिट बाहेर पडते त्या बाजूला विटेचा आणि प्लॅस्टरचा टवका उडतो. आत 25 एमएमचं नीटनेटकं भोक आणि बाहेर वाटीएवढा खड्डा, वर कुणीतरी थोडं सिलिकॉन फासलेलं. हा खड्डा सिमेंट-वाळूने भरून वाळू द्यावा लागतो, मगच सील. आणि भोकाचा उतार बघा, एखादी सरळ काडी नाहीतर पेन्सिल आत घालून. बाहेरच्या बाजूला उतरती हवी. आत उतरती असेल तर ते भोक नसून पन्हळ आहे. असं भोक मी बुजवत बसत नाही, गवंड्याकडून बंद करवून शेजारी नवं पाडून घेतो आणि त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवतो, नऊ इंची भिंतीत बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा पाऊण इंच तरी खाली.

तरीही वायरीच्या टोकाला पाणी येत असेल तर वायरच बघा. बाहेर कुठे आवरण सोललेलं असेल तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीसारखं चढत आतपर्यंत येतं. टोक हिरवं असेल तेवढं कापून चालत नाही, दोन इंच मागे सोलून बघा, तिथेही हिरवट-काळं असेल तर पूर्ण वायर बदला. बाहेरून फिरवायची असेल तर उन्हा-पावसात चालणारी जाड काळ्या आवरणाची घ्या, पारदर्शक वायर बाल्कनीत दोन-तीन वर्षांत तडकते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

भोकात लाइटची वायर असेल, टेस्टर ओल्या भिंतीवर पेटत असेल, प्लेटच्या स्क्रूला हात लावून झिणझिण्या आल्या असतील, ओल आली की घरातलं आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा मेनजवळचा स्विच) पडत असेल, तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियन. यात सिलिकॉनचा काही संबंध नाही.

बाहेरची बाजू बाल्कनीत उभं राहून हाताला येत नसेल तर सोडून द्या. ग्रिलवर चढून, खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकून एका हाताने गन मारणारे मी बघितलेत, आणि मी स्वतःही एकदा केलंय, बायकोने शर्ट धरून ठेवला होता, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो. इमारतीच्या रंगाचं काम दोरावर लटकून करणारी माणसं असतात, सोसायटीच्या ऑफिसात विचारा, दोन-तीन घरांची भोकं एकत्र करून घेतली तर पैसेही वाटले जातात. तोपर्यंत आतून मऊ पुट्टी लावून ठेवा आणि भोकाखालच्या भिंतीवर लक्ष ठेवा.

ओल भोकापासून लांब असेल, किंवा पाऊस थांबून चार-पाच दिवस झाले तरी वाढत असेल, तर ती या भोकाची नाही. वरच्याचं बाथरूम, बाहेरच्या प्लॅस्टरची भेग, पाइपची गळती, काहीही असू शकतं, वॉटरप्रूफिंगवाला बोलवा. भोकातून मातीच्या बारीक नळ्या निघालेल्या दिसल्या तर ती वाळवी, ती बुजवली की दुसरीकडून निघते, पेस्ट कंट्रोल आधी.

नवं भोक पाडताना बीम किंवा कॉलम असेल, ड्रिल अडकून लोखंडासारखा आवाज यायला लागला, तर बिट बदलून जोर लावू नका. हल्ली नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती पूर्ण काँक्रीटच्या असतात, तिथे सोसायटीला विचारल्याशिवाय भोक नाहीच. पोटमाळ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ड्रिल लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आणि वायर इमारतीच्या इलेक्ट्रिक डक्टमधून घेतली असेल तर तिथलं भोक फोमने भरू नका. आग लागली तर धूर त्याच डक्टने मजले चढतो आणि साधा पीयू फोम पेटतो, तिथे आगीत टिकणारा वेगळा माल लागतो आणि तो बसवायचा माणूसही वेगळा. वॉचमनकडून किल्ली मिळाली म्हणून स्वतः आत शिरू नका, सेक्रेटरीला लेखी कळवा.